सत्तरीच्या उंबरठ्यावर परदेशप्रवास: साथ, लशी आणि अडकणारे पैसे

प्रश्न असा आहे. पुण्याचं निवृत्त जोडपं. ते ६८ वर्षांचे, रक्तदाबाची एक गोळी रोज. त्या ६४ वर्षांच्या, मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात. पुढच्या तीन वर्षांत कैलास-मानसरोवर, केनियाची सफारी, युरोपची सहल आणि अमेरिकेत मुलीकडे चार महिने असा बेत आहे. २०२० साली युरोपच्या सहलीचे पैसे वर्षभर अडकले होते. ते विचारतात: पुन्हा तशी साथ आली तर काय करायचं, कोणत्या लशी आत्ताच टोचून ठेवायच्या, आणि आधी कुठे जायचं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीची उत्तरं त्यावर ठरतात. अडकलेले पैसे उशिरा का होईना, पुष्कळांना परत मिळाले. वर्षं मिळाली नाहीत. परराष्ट्र मंत्रालयाची कैलास-मानसरोवर यात्रा २०२० ते २०२४ अशी सलग पाच वर्षं झालीच नाही. ती २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली. या यात्रेला वयाची अट १८ ते ७० आहे आणि वय त्या वर्षीच्या १ जानेवारीला मोजतात. २०२० मध्ये ६६ वर्षांचा असलेला माणूस २०२५ मध्ये ७१ चा झाला, म्हणजे मंत्रालयाच्या यात्रेतून कायमचा बाद. अमरनाथचंही तसंच: २०२० आणि २०२१ ची यात्रा रद्द, वयाची अट १३ ते ७०. म्हणून क्रम लावताना "कुठलं स्वस्त" किंवा "कुठलं आधीपासून मनात आहे" हे बाजूला ठेवा. ज्या प्रवासाला वयाची, दमाची किंवा विम्याची मुदत आहे तो आधी.

या हिशेबाने कैलास पहिल्या वर्षी. अर्ज ऑनलाइन असतात, निवड संगणकीय सोडतीने होते, आणि अर्जाची खिडकी लहान असते. २०२५ साली ती २६ एप्रिल ते १३ मे एवढीच होती. एप्रिल उजाडल्यावर पासपोर्टच्या नूतनीकरणाला निघालात तर वर्ष गेलं. बॉडी मास इंडेक्स २५ किंवा त्याखाली हवा. १६५ सेंटिमीटर उंचीला याचा अर्थ ६८ किलोच्या आत. दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडातून जाणाऱ्या लिपुलेखच्या वाटेवर गुंजीला दुसरी. तिथूनही लोक परत पाठवले जातात, आणि निवडीनंतर जागा पक्की करायला भरलेली रक्कम परत मिळत नाही. कैलासच्या परिक्रमेतली डोल्मा-ला खिंड साडेपाच हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार यांकडे डॉक्टर कडक नजरेने बघतात. तुमच्या बाबतीत एकाचा होकार आणि दुसऱ्याचा नकार येण्याची शक्यता खरी आहे. एकट्याने जायचं की दोघांनी थांबायचं, हे अर्ज भरण्याआधी घरात बोलून घ्या. दिल्लीत तपासणीच्या टेबलापाशी हा निर्णय नीट होत नाही. पर्याय म्हणून उत्तराखंडातलं आदि कैलास आणि ओम पर्वत आहे. धारचुल्याहून इनर लाइन (सीमेलगतच्या भागात जायचा) परवाना, गाडीचा रस्ता, पासपोर्ट नको. उंची मात्र तिथेही आहे, तेव्हा तपासणी टाळू नका.

अमेरिका मी दुसऱ्या वर्षी ठेवायला सांगेन. मुलगी कुठे पळून जात नाही हे खरं, पण विमा पळून जातो. बऱ्याच पॉलिसींमध्ये ७० हा उंबरठा असतो: हप्ता वाढतो, रक्कम कमी होते, आधीच्या आजारांवरचं संरक्षण आक्रसतं. युरोप दोन-तीन आठवड्यांचा असतो, विम्याची गरज मर्यादित, तो ७१ व्या वर्षीही जमतो. केनियाची जागा लशीवर ठरेल. तिकडे येऊ.

लशींचे दोन ढीग करा. एक ढीग कागदासाठी, म्हणजे सीमेवर कोणीतरी दाखला मागतो म्हणून, दुसरा शरीरासाठी. लोक पहिल्याच्या धावपळीत दुसरा विसरतात, आणि वयस्कर माणूस परदेशात आजारी पडतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या ढिगातल्या कारणाने.

कागदाच्या ढिगात कोविडची लस आज जवळपास उरलेली नाही. अमेरिकेने परदेशी प्रवाशांसाठीची अट १२ मे २०२३ पासून काढली. केनिया आणि युरोपही आता मागत नाहीत. पण २०२१ मध्ये नेमकं काय बिघडलं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढच्या साथीत तेच बिघडेल. लस घेणं वेगळं आणि ती समोरच्या देशाने मान्य करणं वेगळं. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची आपत्कालीन मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ ला मिळाली. अमेरिकेने लस घेतलेल्या परदेशी प्रवाशांना ८ नोव्हेंबरपासून दार उघडलं. चार-पाच दिवसांच्या फरकाने लोक वाचले. स्पुटनिक घेतलेल्यांना ती सोय मिळालीच नाही. म्हणून पुन्हा कधी निवडीची वेळ आली आणि परदेशी जायचं असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतली लस घ्या. मिळेल ती टोचून मग यादीची वाट बघत बसू नका.

दुसरी अडचण कागदाचीच. को-विनच्या दाखल्यावर अनेकांचं फक्त जन्मवर्ष होतं, कारण जुन्या आधार कार्डांवर तेवढंच असे. ब्रिटनला पूर्ण जन्मतारीख हवी होती. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस दाखल्यात ती सोय झाली. तुमच्या आधारवर अजून नुसतं वर्ष असेल तर आजच दुरुस्त करा. त्याहून जास्त घोळ नावांचा. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन अंगं. पासपोर्टवर मधलं नाव पहिल्या नावाच्या रकान्यात जोडलेलं असतं, आधारवर कधी असतं कधी नसतं, आणि बायकांच्या बाबतीत पॅन माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने असा प्रकार अजून सर्रास दिसतो. प्रवासाशी संबंधित प्रत्येक दाखला पासपोर्टवरच्या अक्षरांबरहुकूम हवा: तिकीट, विमा, लशीचं कार्ड, डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा. को-विनचे जुने दाखले डाउनलोड करून छापून ठेवा. पोर्टल आज चालतं म्हणून पाच वर्षांनी चालेल असं धरू नका.

कागदाच्या ढिगातली आज खरोखर जिवंत लस म्हणजे पीतज्वराची, ज्याला सगळे यलो फीव्हरच म्हणतात. इथे एक गंमत आहे. मुंबईहून थेट नैरोबीला गेलात तर केनिया तुमच्याकडे तो दाखला मागत नाही, कारण भारतात हा रोग नाही. मागतो तो भारत, परत येताना. आपल्याकडे तो रोग पसरवू शकणारा डास आहे, रोग नाही. म्हणून नियम कडक. बाधित देश सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत दाखल्याशिवाय उतरलात, तर त्या सहा दिवसांतले उरलेले दिवस विलगीकरण कक्षात. लस टोचल्यावर दाखला दहा दिवसांनी लागू होतो, आणि जुलै २०१६ पासून एक डोस जन्मभर चालतो. तेव्हा जुन्या पिवळ्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही. ही लस सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही. वेळ आधी घ्यावी लागते आणि साठा संपला की आठवडे जातात.

पण साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घ्यायची तर थोडं थांबा. ती जिवंत विषाणूची लस आहे. गंभीर दुष्परिणाम (यकृत-मूत्रपिंडावर किंवा मेंदूवर) लाखात एखाद-दुसरे, पण तरुणांपेक्षा ज्येष्ठांत निश्चित जास्त. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार किंवा ती काढलेली असणं, कर्करोगाची औषधं, स्टिरॉइडचे मोठे डोस, संधिवातावरची रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, यांपैकी काहीही असेल तर लस नको. मग डॉक्टर वैद्यकीय सूट लिहून देतात, पण ती चिठ्ठी दाखवून भारतात विलगीकरण टळेलच असं नाही. मला विचाराल तर ज्यांनी आजवर ही लस घेतलेली नाही आणि ज्यांना वाघ-सिंहांपैकी सिंहच बघायचा आहे, त्यांनी केनियाचा हट्ट सोडून दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर अभयारण्य किंवा बोट्स्वाना धरावं. हे देश पीतज्वराच्या यादीत नाहीत.

तिथेही एक खड्डा आहे: विमान. जोहान्सबर्गला जाणारी स्वस्त तिकिटं पुष्कळदा आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतात. दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या यादीतल्या अशा देशाच्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबलेल्यांकडे दाखला मागते. परतीला भारतात, तुम्ही विमानतळाबाहेर पडला नाहीत हे आरोग्य अधिकाऱ्याला पटलं तर सूट मिळते. ते पटवणं त्याच्यावर अवलंबून. दुबई किंवा दोहामार्गे चार पैसे जास्त द्या. आणि कुठल्याही मार्गाने गेलात तरी बोर्डिंग पास घरी पोचेपर्यंत फेकू नका.

केनियालाच जायचं ठरलं तर पोलिओचंही बघा. २०१४ पासून भारताने काही देशांत जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी पोलिओचा तोंडावाटे डोस निघण्याच्या निदान चार आठवडे आधी घ्यायचा नियम केला. त्या यादीत केनियाही होता. यादी बदलत असते, तेव्हा लशीच्या केंद्रावरच विचारा. मसाई मारात हिवताप आहे, त्याची प्रतिबंधक गोळी तुमच्या चालू औषधांशी जमवून डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोळी परत आल्यावरही चालू ठेवायची असते, प्रकारानुसार एक ते चार आठवडे. घरी आल्यावर "आता कशाला" म्हणून सोडतात आणि मग ताप भरतो.

शरीराच्या ढिगात: दरवर्षीची फ्लूची लस, निघण्याच्या दोन आठवडे आधी. न्यूमोनियाची, म्हणजे न्यूमोकोकल. मधुमेह असलेल्या बाईंनी तर नक्कीच. नागिणीची नवी लस भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीनंतर दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने, महाग आहे. धनुर्वाताचा डोस दहा वर्षांत झाला नसेल तर तो. आफ्रिकेसाठी विषमज्वर आणि हिपॅटायटिस ए. हे सगळं एका आठवड्यात उरकायला जाऊ नका. प्रवासाच्या तीन महिने आधी डॉक्टरांकडे जा, नागिणीचा पहिला डोस तेव्हा घ्या, बाकी मागाहून. पीतज्वराबरोबर दुसरी एखादी जिवंत लस घ्यायची असेल तर दोन्ही त्याच दिवशी, नाहीतर मध्ये चार आठवडे. प्रत्येक डोसची तारीख, कंपनी आणि बॅच क्रमांक एका वहीत लिहा.

आता पैसे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबरला टाळेबंदीतल्या विमान तिकिटांच्या परताव्याचा निकाल दिला, पण त्याचा फायदा टाळेबंदीच्या काळात त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांना पहिल्यांदा आणि थेट झाला. आधी काढलेल्यांना क्रेडिट शेल, म्हणजे कंपनीकडे जमा रक्कम, असा मार्ग होता. सहल कंपन्यांचं प्रकरण त्याहून ढिलं. त्यांनी "पुढे वापरा" अशा चिठ्ठ्या दिल्या, त्यांना मुदत होती आणि त्या मुदतीत सीमा बंदच होत्या. भारताची नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं २७ मार्च २०२२ लाच पूर्ववत झाली. म्हणून करारात चार ओळी शोधा. सहल कंपनीने रद्द केली तर रोख परतावा की चिठ्ठी? चिठ्ठीची मुदत किती, आणि ती मुलाच्या नावावर करता येते का? सहल होते आहे पण तुमच्या देशाला किंवा वयोगटाला प्रवेश नाही, तर ते "तुम्ही रद्द केलं" धरतात का? व्हिसा नाकारला तर किती कापतात? तिसऱ्या ओळीवर बहुतेक लोक मार खातात, कारण ते कोणी विचारतच नाही.

पैसे एकरकमी देऊ नका. नोंदणीला २० टक्क्यांच्या आसपास, उरलेलं व्हिसा हातात आल्यावर, असं ठरतं का बघा. घासाघीस केली की पुष्कळदा ठरतं. विमान तिकीट शक्यतो कंपनीकडून थेट. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा आधी एजंटाच्या खात्यात जातो. क्रेडिट शेलवर फार काळ बसू नका. मे २०२३ मध्ये एक भारतीय विमान कंपनी रातोरात थांबली तेव्हा तिच्याकडे जमा असलेले पैसे लोकांच्या हाती लागले नाहीत. परदेशी सहलीच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल होणारा कर, कापला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो, पण तो तुमचाच आगाऊ भरलेला कर आहे. पेन्शन करमर्यादेखाली असल्याने विवरणपत्र न भरणारे निवृत्त लोक तो सरकारजमा करून मोकळे होतात. विवरणपत्र भरा आणि परत घ्या.

विम्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विकणारा त्या एकत्र करून सांगतो. प्रवास रद्द झाल्याचा विमा आणि परदेशात आजारी पडल्याचा विमा. पहिला घ्यायचा तर सहलीचा पहिला हप्ता भरताना घ्या. साथीची बातमी आली, सरकारने इशारा दिला, की ती "ज्ञात घटना" होते आणि त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत ती वगळलेली असते. "भीती वाटली म्हणून गेलो नाही" याला भारतातल्या बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत. दुसऱ्यात साथीचे आजार आणि सक्तीचं विलगीकरण धरलंय का ते शब्दात वाचा. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं; ते युरोपला पुरतं, अमेरिकेला एका रात्रीत संपतं. अमेरिकेसाठी मी किमान एक लाख डॉलर म्हणेन, आणि साठीवरच्यांच्या पॉलिसीत खोलीभाडं, आयसीयू, शस्त्रक्रिया यांच्या उपमर्यादा असतात त्या नसलेली पॉलिसी महाग पडली तरी घ्या. अमेरिकी कंपनीची घेतली तर "आधीच्या आजाराचा अचानक झटका" ही व्याख्या बघा: बऱ्याचदा २४ तासांत उपचार घेतले तरच ग्राह्य, आणि नियमित तपासणी-औषधं त्यात नाहीत. मधुमेह लपवू नका. दावा नाकारला जातो तो नेमका इथे.

अडकून पडण्याची तयारी वेगळी करावी लागते. मार्च २०२० मध्ये मुलांकडे गेलेले आईवडील महिनोन्महिने तिथेच राहिले. अडकलेल्यांना परत आणणारी सरकारची वंदे भारत विमानं ७ मेपासून सुरू झाली, आणि तोवर कुणाची गोळी संपली होती, कुणाचा विमा. चार महिन्यांसाठी जाताना औषधं पाच महिन्यांची न्या. चिठ्ठीवर ब्रँड नव्हे, मूळ औषधाचं नाव हवं. आपल्याकडचे ब्रँड तिकडच्या फार्मसीला ठाऊक नसतात, आणि पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. निम्मी औषधं हातातल्या बॅगेत. इन्सुलिन चालू झालं असेल तर ते कधीही चेक-इन सामानात टाकू नका, गोठलं की निकामी. दुबईत थांबा असेल तर ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्यांना तिथे नियंत्रण आहे, आधी परवानगी लागते. मुलीसाठी अनारसे नेणार असाल तर आणखी एक: खसखस दुबईत बंदी असलेल्या यादीत आहे. अमेरिकेत मुक्कामाची तारीख व्हिसावरून नव्हे, आय-९४ च्या, म्हणजे देशात शिरताना होणाऱ्या नोंदीवरून ठरते. उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी ती ऑनलाइन काढून छापा. परतणं लांबलं तर मुदतवाढीचा आय-५३९ अर्ज त्या तारखेच्या आत गेला पाहिजे.

साथ चालू असताना निघायची वेळ आलीच, तर बातम्यांवर विसंबू नका. चेक-इनचा कर्मचारी तिमॅटिक नावाच्या यादीत बघून तुम्हाला चढवतो किंवा थांबवतो. प्रवासाच्या तीन दिवस आधी चार ठिकाणचे नियम वेगवेगळे तपासा: निघताना, मधल्या थांब्यावर, उतरताना, आणि भारतात परतताना. चौथा हमखास राहतो. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेने चाचणीची मुदत तीन दिवसांवरून एका दिवसावर आणली ती ओमिक्रॉन दिसल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात. दोन आठवड्यांच्या हॉटेलएवढी रक्कम वेगळ्या कार्डावर ठेवा. पॉझिटिव्ह आलात तर तिचाच आधार.

आणि नोव्हेंबर. पेन्शनचा हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरात द्यायचा असतो, ८० च्या वरच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. तुम्ही अमेरिकेत असाल तर जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून तो देता येतो, नाहीतर भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्याची किंवा नोटरीची सही चालते. तुमच्या बँकेला नेमकं काय चालतं ते निघण्याआधी विचारून ठेवा आणि ॲप पुण्यात असतानाच एकदा चालवून बघा. त्यासाठी आणि बँकेच्या ओटीपीसाठी भारतातलं सिम चालू राहायला हवं. प्रीपेड असेल तर निघण्याआधी लांब मुदतीचा रिचार्ज मारा आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग घरीच सुरू करून घ्या. तिकडे पोचल्यावर ते सुरू करायला जो ओटीपी लागतो, तो त्याच बंद सिमवर येतो.